पहिल्या कप्प्यात जा!

मी एक जुना बुटांचा खोका आहे, आणि माझं डोकं फिरलंय. मित्रांनो, असली कहाणी ऐकताना डोळे पुसायची पद्धत असते म्हणे. पुसायचे तर पुसा. मी मात्र आज भांडायला बसलोय.

या घरातल्या धाकट्या मुलाचे बूट माझ्यातून आले. नऊ नंबरचे. बूट वर्षात फाटले, मी टिकलो. मग सूनबाईने मला पलंगाखालून ओढलं, झटकलं आणि आत पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. सूनबाई नर्स. वृद्धांच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती, पण तिथले निम्मे आजीआजोबा वेगळीच भाषा बोलायचे. भाषेची पहिली परीक्षा पास झाली की कच्ची नोकरी. दुसरी पास झाली की पक्की. दुसरीत नापास, तर सरळ घरी.

औषधांच्या पुठ्ठ्यांची तिने कार्डं कापली. पुढे आपला शब्द, मागे त्यांचा. पहिला कप्पा रोजचा, दुसरा दिवसाआडचा, मग आठवड्याचा, पंधरवड्याचा, महिन्याचा. शब्द आला की पुढच्या कप्प्यात. चुकला, की कुठूनही थेट पहिल्यात! रडा, ओरडा, माझ्याकडे दयामाया नाही. कार्ड धरायच्या सासूबाई. त्या मुळाक्षरसुद्धा न येणाऱ्या भाषेची परीक्षा घ्यायच्या आणि चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "अडखळलीस. पहिल्या कप्प्यात जा!"

पहिली परीक्षा सूनबाई पास झाली. मला थोपटून म्हणाली, "हा माझा खरा मास्तर." मी फुगलो. आधीच कडेने उसवलेला, आणखी उसवलो.

आणि मग धाकट्याने नाक खुपसलं. ज्याचे बूट मी सांभाळले, तो!

"वहिनी, खोक्यातून कोण शिकतं आता? फोनमध्ये ॲप आहेत. शब्द परत कधी विचारायचा ते त्यांनाच कळतं."

अरे, मला काय कळत नव्हतं? पण नाही. दुसऱ्या परीक्षेला नऊ आठवडे, आणि दोघं वहीत रकाने पाडून बसले: कुठलं ॲप चांगलं! पहिलं रंगीत. शब्द आला की फुगे, चुकला तरी 'छान प्रयत्न!' अरे, कसलं छान? दुसऱ्यात सहा हजार शब्द तयार. सूनबाईला 'कूस बदला' म्हणायला शिकायचंय, आणि हे शिकवतंय शहामृग आणि दीपगृह. दवाखान्यात शहामृग भरती होणारेत का? तिसरं करडं, तोंड पाडलेलं. त्यात आपले शब्द आपणच लिहायचे, आणि शब्द आला की 'सोपं', नाही तर 'नाही आलं' हे बटणही आपणच दाबायचं. ते बरं होतं, माझ्याच घराण्यातलं. पण धाकटा दोन रविवार त्याची सेटिंगच लावत बसला. तीन आठवडे वही भरली. शब्द? भोपळा!

शेवटी सूनबाईने करडं ॲप घेतलं, आणि मला टाकलं बाल्कनीत. माझ्यात चपला!

आता खरा राग ऐका. त्या ॲपमध्ये सलग किती दिवस अभ्यास केला त्याचा आकडा दिसायचा. तो तुटू नये म्हणून सूनबाई भाजी परतताना, जिना चढताना नुसतं बटण दाबायची. सोपं, सोपं, सोपं. तोंडातून शब्द नाही! आकडा झाला सव्वीस. धाकटा म्हणाला, "वहिनी, वाघीण आहेस!"

सत्ताविसाव्या दिवशी दवाखान्यात खिडकीजवळचे आजोबा तिला काहीतरी म्हणाले. तिला वाटलं, चालायचंय. हात देऊन उभं केलं. ते कोसळले. कपाळाला तीन टाके. ते म्हणाले होते, चक्कर येतेय. हा शब्द सूनबाईने नऊ वेळा 'सोपं' केला होता.

घरी येऊन ती बाल्कनीत, माझ्याशेजारीच बसून रडली. सासूबाई आल्या, सगळं ऐकलं आणि हात पुढे केला.

"दे तो फोन."

"आई, तुम्हाला ॲप कुठे चालवता येतं?"

"बटण दाबायला काय, मिक्सर नाही का चालवत मी? 'चक्कर.' बोल, मोठ्याने."

"अं... थांबा... आठवतंय..."

सासूबाईंनी 'नाही आलं' दाबलं.

"आई! जिभेवर होता हो शब्द!"

"ते आजोबा थांबले होते का, तो बाहेर यायला? पहिल्या कप्प्यात जा!"

फोनला कप्पे नाहीत, मित्रांनो. पण त्या दिवसापासून झाले. उरलेले सगळे दिवस फोन सासूबाईंच्या हातात, बटण त्यांच्या अंगठ्याखाली. सूनबाई चिडायची, पाय आपटायची, पण बोलायची. मोठ्याने.

परवा ती पास झाली. नोकरी पक्की. काल आजोबा पुन्हा तोच शब्द बोलले, तशी तिने त्यांना उठूच दिलं नाही, उशी सरळ केली आणि त्यांच्याच भाषेत म्हणाली, "पडून राहा, मी इथेच आहे."

मला कोणी थोपटलं नाही. माझ्यात अजून चपलाच आहेत. असू देत! खोका घ्या, फोन घ्या, मला काय त्याचं. पण उत्तर तोंडातून बाहेर पडायच्या आधी 'आलं' म्हणालात, तर याद राखा. मला हात नाहीत. सासूबाईंना आहेत, आणि त्यांच्या चपला माझ्याकडे आहेत.