साडेदहाची नोंद

मित्रांनो, माझं दार उत्तरेला उघडतं. ऊन थेट आत येऊ नये म्हणून तशी सोय केलेली आहे. मी एक लाकडी पेटी आहे. वयानं जुनी, रंगानं पांढरी आणि आता पोटानं रिकामी.

चार पायांवर मी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर उभी असते. माझ्या भिंती तिरप्या पट्ट्यांच्या, झडपांच्या आहेत. त्यांतून वारा आत येतो आणि ऊन बाहेर थांबतं. पुणे शहराच्या कडेच्या एका विमानतळावर, धावपट्टीपासून जरा लांब, हिरवळीच्या चौकोनी तुकड्यात मी सारी उमर काढली. नवखी माणसं मला कोंबड्यांचं खुराडं समजतात. कुणी मधमाश्यांची पेटी म्हणतं. एका पाहुण्यांनी तर देव्हारा समजून माझ्यासमोर चपला काढल्या होत्या. त्यांचं फार चुकलं, असं मला वाटत नाही.

खडकीच्या एका सुतारखान्यात सीताराम मिस्त्रींनी मला घडवलं. त्यांनी हवामान खात्याच्या साहेबांना विचारलं होतं, यात ठेवायचं काय? साहेब म्हणाले, हवा. "हवा ठेवायला पेटी?" असं म्हणून मिस्त्री पोटभर हसले, पण काम चोख केलं. एकेक झडप बसवताना ते देवाचं नाव घेत. त्या नामाचा ओलावा माझ्या लाकडात मुरला असावा. नाहीतर एवढ्या उन्हापावसात मी टिकले नसते.

माझ्या पोटात चार तापमापक होते. एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. उरलेले दोघे आडवे पडून दिवसाचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवत. निरीक्षक येई, दार उघडी, श्वास रोखून आकडे वाची. श्वास रोखायचा, कारण माणसाच्या श्वासाच्या उबेनंसुद्धा पारा हलतो. मग तो मान वर करून ढग पाही, आणि शेवटी चारी दिशांना किती लांबचं दिसतं ते पाही. पाण्याची टाकी दीड किलोमीटरवर, वीटभट्टीचं धुरांडं तीनवर आणि टेकडीवरच्या देवळाचा कळस सहावर. कळस दिसला की हवा स्वच्छ. टाकीही दिसेनाशी झाली की आकाशातल्या विमानाला ताबडतोब सांगावं लागे, बाबा रे, थांब. दिवसरात्र दर अर्ध्या तासानं हे चाले.

यज्ञेश्वरराव हे आमचे सर्वांत जुने निरीक्षक. सदाशिव पेठेत राहत. दर गुरुवारी ते कीर्तनाला जात आणि शुक्रवारी सकाळी आकडे टिपून झाले की ऐकलेलं आख्यान मला सांगत. मी कीर्तन पाहिलेलं नाही, पण हप्त्याहप्त्यानं पुष्कळ ऐकलं आहे. पूर्वरंग ते थोडक्यात उरकत, आख्यानात मात्र रंगून जात. भक्ताची देवाशी भेट व्हायची वेळ आली की नेमकी पुढच्या नोंदीची वेळ होई. मग ते म्हणत, "थांब बाई, देव पळून जात नाहीत. साडेआठ होतायत."

ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कायम माणूस आला नाही. कंत्राटी निरीक्षक आले, आणि त्यांना शिकवायला यज्ञेश्वरराव वर्षभर आपणहून येत राहिले. त्यांच्या हाताखाली दोघं तयार झाली, द्वारका आणि वैजनाथ. वैजनाथ जवळच्याच गावचा. त्याच्या वडिलांच्या शेतावर आता बारा मजली इमारती उभ्या आहेत. द्वारका विज्ञानाची पदवीधर. नवरा गेल्यानंतर तिच्या लेकीची, सुरुचीची शाळा आणि सासूबाईंची औषधं या एका नोकरीवर चालत होती. तिचे हात इतके हळुवार होते की ती दार कधी उघडते ते मला कळतसुद्धा नसे.

मग एके दिवशी माझ्या शेजारी एक खांब उभा राहिला. त्यावर स्वयंचलित यंत्र होतं. मित्रांनो, मी त्याचा द्वेष करत नाही. तेही देवाच्याच जगातलं. ते झोपत नाही, रजा मागत नाही, खोटं बोलत नाही. पण ते स्वतःपुरतंच पाहतं. डोक्यावरचा ढग त्याला दिसतो, पूर्वेकडून सरकत येणारी धुराची भिंत त्याच्यापाशी पोचेपर्यंत दिसत नाही. हे यज्ञेश्वररावांनी बसवायला आलेल्या साहेबांना समजावलं. साहेब म्हणाले, याला चहासुद्धा लागत नाही. यज्ञेश्वरराव म्हणाले, "खरं आहे. चुकल्यावर लाजही वाटत नाही याला. फार सोय आहे."

पुढे खात्याचं पत्र आलं. एकतीस मार्चनंतर निरीक्षकांची कंत्राटं वाढवली जाणार नाहीत.

तेव्हापासून माझ्या अंगणात वेगळीच धावपळ सुरू झाली. या तिघांनी निवेदन लिहिलं. वैमानिकांच्या सह्या घेतल्या, विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या मनोऱ्यावरच्या लोकांच्या घेतल्या. सुट्टीच्या दिवशी ते लोकप्रतिनिधींच्या दारात जाऊन बसू लागले. एका आमदारांनी चहा पाजला आणि हा विषय दिल्लीचा आहे असं सांगितलं. दुसऱ्यांच्या कार्यालयात दोनदा निवेदन हरवलं. एकांनी तर विचारलं, हवामान मोबाइलवर दिसतं ना, मग तुम्ही काय करता? वैजनाथ परत आला तेव्हा माझ्या पायाशी उकिडवा बसून द्वारकेला म्हणाला, "आपण हाय, हेच त्यांना ठावं न्हाई गं. नसलेल्या माणसाची नोकरी वाचवायची कशी?"

शेवटी एक दार उघडलं. विमानतळांच्या प्रश्नांवर संसदेची एक समिती बसली होती. तिच्यावरचे एक खासदार फेब्रुवारीत पुण्याला लग्नाला येणार होते. परतीचं विमान सकाळी अकराला होतं. त्यांच्या सचिवांनी कळवलं, साहेब दहा वाजता विमानतळावरच्या तुमच्या वेधशाळेत दहा मिनिटं येतील. जे सांगायचं ते तेवढ्यात सांगा. पुढच्या आठवड्यात समितीची शेवटची बैठक आहे, त्यात ते बोलतील.

कुणी बोलायचं, यावर चर्चा झाली. यज्ञेश्वरराव म्हणाले, मी निवृत्त, माझं काय जातंय असं म्हणतील. वैजनाथ म्हणाला, मी बोललो तर भांडण होईल. उरली द्वारका. त्या सकाळी तिचीच पाळी होती, म्हणजे ती जागेवरच असणार. आठ दिवस ती नोंदींच्या मधल्या वेळात माझ्यासमोर बोलायचा सराव करत होती. मी तिची पहिली श्रोती. खरं सांगते, ती इतकं छान बोलायची की मला वाटायचं, आता काही भीती नाही.

तो दिवस उजाडला. वैजनाथ रात्रपाळी संपवूनही थांबला होता. यज्ञेश्वररावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दहा वाजले. सव्वादहा झाले. दहा वाजून अठरा मिनिटांनी गाडी आली. खासदार उतरले, घाईत होते, पण माणूस वाईट नव्हता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे काय आहे, ताई?"

द्वारकेनं सांगायला सुरुवात केली. मी कशासाठी आहे ते सांगितलं, ढग सांगितले, टाकी आणि कळस सांगितला. साहेब ऐकत होते. त्यांनी सचिवांना खूण करून लिहून घ्यायला सांगितलं. ती आता मुख्य मुद्द्यावर येणार होती, की यंत्राला काय दिसत नाही.

तेवढ्यात तिची नजर पूर्वेकडे गेली. टेकडीवरचा कळस नव्हता. धुरांडंही नव्हतं. कुठेतरी माळावरचं गवत पेटलं होतं, आणि धूर धावपट्टीकडे सरकत होता. तिनं घड्याळ पाहिलं. दहा पंचवीस. साडेदहाची नोंद.

वैजनाथनं तिला डोळ्यांनी खुणावलं, तू बोल, मी घेतो. ती क्षणभर थांबली. पण त्याची पाळी आठला संपली होती. ज्याची पाळी त्याचीच नोंद आणि त्याचीच सही, हा आमचा धर्म. आणि आत्ताच तर ती साहेबांना म्हणाली होती की, आमची सही म्हणजे आमचा शब्द.

"साहेब, दोन मिनिटं," असं म्हणून तिनं माझं दार उघडलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात ते दार हजारो वेळा उघडलं. त्या एका वेळी ते अडकलं असतं, बिजागरी गंजली असती, तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. आणि तसं वाटल्याची लाजही वाटते.

दोन मिनिटांत ते भागलं नाही. धूर झपाट्यानं वाढला. पाण्याची टाकी पुसट झाली. नेहमीच्या नोंदीखेरीज तातडीची सूचना मनोऱ्याला द्यावी लागली. एक विमान उतरायच्या बेतात होतं, ते वरच्या वर थांबवलं गेलं. त्यात कितीतरी माणसं होती. त्यांतल्या एकालाही द्वारकेचं नाव ठाऊक नसेल.

यज्ञेश्वररावांनी मधल्या वेळात बोलायचा प्रयत्न केला, पण सचिव घड्याळ दाखवत राहिले. द्वारका फोन ठेवून धावत बाहेर आली तेव्हा फाटकातून गाडी वळत होती.

आणि पुढचं ऐका. त्या धुरामुळे खासदारांचं विमान दीड तास सुटलं नाही. द्वारकेच्याच सूचनेमुळे ते हाकेच्या अंतरावर, काचेच्या इमारतीत नुसते बसून होते. ती पाळी सोडून जाऊ शकत नव्हती. वैजनाथ निवेदन घेऊन पळत गेला. तिकीट नाही म्हणून त्याला दारातच अडवलं. तो परत आला आणि माझ्या पायाला टेकून बसला. 

पंधरा दिवसांनी साहेबांकडून पत्र आलं. प्रत्यक्ष भेट देऊनही निरीक्षकांकडून पूर्ण माहिती मिळू न शकल्याने विषय समितीपुढे मांडता आला नाही, असं त्यात होतं. भाषा सभ्य होती. यज्ञेश्वररावांनी ते माझ्यासमोर उभं राहून वाचलं आणि चष्मा काढला.

"चूक माझी आहे, द्वारका," ते म्हणाले. "कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहिला की समोर राजा येऊन बसला तरी आख्यान सोडत नाही, हे मीच तुझ्या डोक्यात भरलं. कीर्तनाला ते शोभतं गं. त्यावर कुणाच्या लेकीची शाळा अवलंबून नसते."

द्वारका म्हणाली, "सर, ते विमान उतरलं असतं तर मला झोप लागली असती का?"

"नसती."

"मग आता रडू नका. लोक बघतील."

पण रडत तीच होती.

एकतीस मार्चला शेवटची पाळी तिची होती. मी मनोमन पांडुरंगाला विनवलं, कुणीतरी येऊ दे, एखादा फोन वाजू दे. फोन वाजला नाही. संध्याकाळी सहाला तिनं श्वास रोखून चारही आकडे वाचले, ढग पाहिले, कळस पाहिला. मग चारही तापमापक एकेक करून माझ्या पोटातून काढले आणि मऊ कापडात गुंडाळले. वैजनाथ उद्यापासून दुचाकीवरून घरोघरी पार्सलं पोचवणार आहे, असं ती यज्ञेश्वररावांना सांगत होती. स्वतः कुठे जाणार, ते तिनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तिथे फक्त हवामानाबद्दल लिहायचं, स्वतःबद्दल नाही. ती पेन धरून खूप वेळ उभी राहिली. वही माझ्या माथ्यावर टेकवलेली होती, त्यामुळे प्रत्येक अक्षर मला लाकडावर जाणवलं. तिनं लिहिलं, आकाश निरभ्र. दृश्यमानता सहा किलोमीटर. विशेष काही नाही. खाली सही केली.

मित्रांनो, तुमचा दिवस विघ्नावाचून पार पडतो, तेव्हा कुठेतरी कुणीतरी जागं राहून 'विशेष काही नाही' असं लिहिलेलं असतं. त्या माणसाला शोधा. त्याचं नाव विचारा. तो आहे तोवर विचारा, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत निघून जाऊ नका.