शिडवेवाडीतले शिडवे

महाराष्ट्रात शिडवे आडनावाची माणसं सध्या सव्वीस आहेत. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मतदार याद्या, शाळेची जुनी रजिस्टरं, लग्नपत्रिका, कुणाचं बारसं, कुणाचं बारावं, सगळं वर्षानुवर्षं चाळून जुळवलाय. मुंबई-ठाण्याकडे एकवीस, पुण्याला चार आणि शिडवेवाडीत एक. ती एक म्हणजे मी, योगिनी शिडवे, वय सत्तावन्न.

रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडून थोडं पुढे आलं की खाडीकडे उतरणारा फाटा लागतो. तिथे एसटीच्या थांब्यावर अजून 'शिडवेवाडी' अशी पाटी आहे. नवा कंडक्टर असला की विचारतो, "बाई, शिडवे कोण इथे?" मी म्हणते, "उतरतेय तीच." तो हसतो. मला पूर्वी या उत्तराची फार ऐट वाटायची.

आडनाव कुठून आलं याची आईची एक गोष्ट होती. आमच्या कुणा पणजोबाने वादळात फाटलेलं शीड भर समुद्रात बसून शिवलं आणि अख्खं गलबत वाचवलं, तेव्हापासून आम्ही शिडवे. मला शाळेच्या रजिस्टरात सापडलं ते याहून बरंच साधं होतं. वाडीतला पहिला मुलगा शाळेत घातला तेव्हा त्याला आडनावच नव्हतं. बापाचा धंदा लिहिलाय, 'शिडे शिवणे'. मास्तराने त्यावरून एक शब्द पाडला आणि मोकळा झाला. आईला हे सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे होड्यांना यंत्रं आली, शिडं गेली. शिवणारे हात मिरकरवाडा बंदरावर जाळी दुरुस्त करायला लागले आणि त्यांची मुलं मुंबईला गेली. एका शाखेने तर राजपत्रात देऊन आडनावच बदललं, का तर शाळेत पोरांना चिडवतात. सहा माणसं एका फटक्यात कमी झाली. मुली लग्न होऊन गेल्या की गळायच्याच. मी लग्न केलं नाही म्हणून उरले. बायका मला बिचारी म्हणायच्या, आणि मी म्हणायची, आडनाव तरी राखलं की नाही?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिक्षिका म्हटली की मतदार यादीचं काम मागे लागतंच. सोळा वर्षं ही यादी माझ्याकडे आहे. कोण अठरा वर्षांचं झालं, कोण लग्न होऊन आली, कोण गेलं, घरोघर फिरून लिहायचं. वाडीत मला 'यादीवाली बाई' म्हणतात. नाव घालायचा फॉर्म सहा नंबरचा, काढायचा सात नंबरचा. दोन्ही माझ्या पिशवीत कायम असतात.

आता आमच्या यादीची खरी गोष्ट सांगते. त्यातली शंभरावर माणसं मुंबईत राहतात. घराला कुलूप, अंगणात गवत, पण यादीत नाव शाबूत. नियमाने ती नावं इथे नकोत. पण मतदानाला ही माणसं गाड्या करून येतात, आदल्या दिवशी घर झाडतात, चूल पेटवतात, दोन दिवस वाडी भरल्यासारखी वाटते. गावाशी कागदावरचं तेवढंच नातं उरलेलं असतं त्यांचं. ते कसं तोडायचं? सोळा वर्षं मी डोळेझाक केली. आणि मग एकाच माणसाचं तोडलं.

लवूदादा माझा चुलतभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि माझ्या आईने त्याला वाढवला. मला पोहायला त्याने शिकवलं, ओहोटीला खडकावरची कालवं काढायला त्याने शिकवलं. विक्रोळीला एका इमारतीत तो वॉचमन होता. यादीत आमची नावं लागून होती, सहाशे बारा तो आणि सहाशे तेरा मी. बाकीचे शिडवे कमी होत गेले तरी आमची ही जोडी टिकून होती, आणि वाडीतले शिडवे किती असं कुणी विचारलं की मी त्याला धरूनच मोजायची.

आई गेली त्या वर्षी ती तीन आठवडे दवाखान्यात होती. रोज सकाळी विचारायची, "लवू आला काय गो?" मी रोज फोन करायची. तो म्हणायचा, "येतो गो, रजेचा बघतंय." तो आला तो थेट दहाव्याला. दारात उभा राहून म्हणाला, "सुट्टी नाय गावली गो." मी त्याला ताट वाढलं, पाणी दिलं आणि आत निघून गेले. मनात एकच गोष्ट खदखदत होती. मतदानाला याला सुट्टी बरी गावते, एकदाही चुकत नाही. आणि जिने वाढवलं तिच्यासाठी नाही?

चार महिन्यांनी यादीची पडताळणी आली. मी घरोघर फिरले. कुलूप लावलेली चाळीस घरं मागे टाकली आणि दादाच्या घरापुढे थांबले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कायमचे स्थलांतरित'. नियमाप्रमाणे नोटीसही लावली, सात दिवसांत हरकत असल्यास कळवावे. घरून खळ करून नेली होती, नीट चारी कोपरे चिकटवले. बंद दारावर. विक्रोळीतला माणूस ती कुठून वाचणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याचा फोन नंबर मला तोंडपाठ होता. हरकत आली नाही. त्याचं नाव उडालं, आणि कागदावर माझं काहीच चुकलं नव्हतं.

विधानसभेच्या मतदानाला मी शाळेबाहेर यादी घेऊन टेबलावर बसले होते. साडेनवाच्या सुमाराला दादा आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात कार्ड. मतदानाला तो लग्नाला आल्यासारखाच यायचा.

"योगे, माझा नंबर काढ गो," तो म्हणाला.

मी यादी न उघडताच म्हटलं, "तुझं नाव नाही."

तो हसला. "मस्करी करतंस काय गो? ह्या बघ, कार्ड हाय माझा."

"नुसतं कार्ड असून चालत नाही. यादीत नाव लागतं. तू इथे राहत नाहीस, दादा. नियम आहे."

त्याच्या मागे मतदानाच्या रांगेत चारजण उभे होते. चौघेही मुंबईचे, चौघांच्याही हातात मी आत्ताच लिहून दिलेल्या चिठ्ठ्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. दादा कमी शिकलेला होता, पण मठ्ठ नव्हता.

"मग वाडीत शिडवे किती ऱ्हायले?" त्याने विचारलं.

"एक."

"बरा," तो म्हणाला. "तुझा तरी ऱ्हायला."

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती, आईचे ते तीन आठवडे दिवसवार सांगणार होते. तो शाळेच्या पायरीवर थोडा वेळ उन्हात बसला, मग उठून त्या चौघांच्या गाडीत जाऊन बसला. गाडी संध्याकाळी सुटणार होती. दिवसभर तो तिच्यात बसून होता. माझ्या टेबलावरून गाडी दिसत होती. मला दोनदा चहा आला. त्याला एक कप नेऊन द्यावा असं मनात आलं आणि उचललेला कप मी माझ्याच हाताने परत ठेवला.

राग उतरायला मला महिना लागला. एकदा वर्गात मुलांना मतदानाच्या दिवसाची माहिती सांगत होते. त्या दिवशी सगळ्यांना कायद्याने सुट्टी द्यावी लागते, असं फळ्यावर लिहिलं आणि तिथेच थांबले. वॉचमनला दुसरी सुट्टी मिळतेच कुठे? तीन आठवडे आजारी असलेल्या काकूसाठी कायदा सुट्टी देत नाही. मतदानाला देतो. म्हणजे तो ज्या दिवशी येऊ शकत होता त्याच दिवशी येत होता, आणि मी त्याचा तोच दिवस काढून घेतला. एवढं साधं गणित मला फळ्यापुढे उभं राहिल्यावर सुटलं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या नावाचा सहा नंबरचा फॉर्म भरला. सगळा भरला, फक्त त्याची सही आणि फोटो हवा होता. त्यासाठी फोन करायचा होता. आज करू, रविवारी करू, शिमग्याला येईलच तेव्हा समोरच बोलू, असं चाललं. शिमग्याला तो आला नाही. मीही विचारलं नाही, का आला नाहीस. कुठल्या तोंडाने बोलायचं हेच ठरत नव्हतं. पुढच्या जुलैत तो झोपेतच गेला. मुंबईत सगळं उरकलं आणि मला दुसऱ्या दिवशी कळवलं. शिडव्यांच्या वहीत मी सत्तावीसचे सव्वीस केले.

डिसेंबरात त्याचा मुलगा समर्थ आला. रेल्वेने येऊन रिक्षा करून सरळ माझ्याकडे. तिशीतला मुलगा, गावाला फारसा न आलेला. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत मृत्यूचा दाखला आणि दादाचं मतदानाचं कार्ड.

"आत्या, बाबांचं नाव गावच्या यादीतून काढायचंय," तो म्हणाला. "जाण्याआधी थोडे दिवस हॉस्पिटलात होते, तिथून घरी आले तेव्हाच सांगून ठेवलं होतं त्यांनी. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहू देऊ नका, योगीला त्रास होतो. आणि काढायचं ते तिच्याच हाताने, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका."

माझ्या हातात बशी होती, ती मी खाली ठेवली.

"शेवटचं मतदान तुमच्याकडेच झालं त्यांचं," समर्थ सांगत होता. "किती खुश होऊन आले होते! योगीने रांगेतून पुढे घेतला, खुर्ची दिली, दोनदा चहा पाजला. आल्या आल्या बोट दाखवलं शाईचं. पण आत्या, तुमच्याकडची शाई फारच पातळ हो. दोन दिवसांत आंघोळीलाच गेली. आम्ही केवढी थट्टा केली त्यांची. म्हणाले, गावची शाई गावच्या माणसासारखीच साधी."

मतदानाची शाई दोन दिवसांत जात नाही. आठवडेच्या आठवडे जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? परतीच्या वाटेवर कुठेतरी त्याने बोटाला पेनाची शाई लावून घेतली असणार. साठी ओलांडलेला माणूस, गाडीत मागे बसून स्वतःच्या नखावर शाई फासतोय. कशासाठी? गावाने त्याचं नाव काढलं आणि ते काढणारी मी होते, हे घरच्यांना कळू नये म्हणून.

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. समर्थ, यादीत नाव नाहीच रे, मी उडवलं. एवढंच वाक्य. दादाचं खोटं उघडं पडू नये म्हणून गप्प बसले, असं मी नंतर मनाला बजावलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे त्या पोराच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं ते मला सोडवत नव्हतं.

मी पिशवीतून सात नंबरचा फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. तो खाली मान घालून सुवाच्य अक्षरात भरत गेला. नाव. वडिलांचं नाव. वगळण्याचं कारण, मृत्यू.

"आत्या, अनुक्रमांक?"

यादी समोरच पडली होती. तिच्यात सहाशे बाराव्या जागी आता मी होते. कारण वरचं एक गेल्यावर खालची सगळी एकेक पायरी वर सरकली होती.

"सहाशे बारा," मी म्हटलं.

त्याने लिहिलं आणि सही केली. मी खालची पोच फाडली, तारीख घातली आणि माझी सही ठोकली, यो. स. शिडवे. त्याने ती पाकिटात दादाच्या कार्डाशेजारी ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडला.

"बाबांचं एवढंच राहिलं होतं," तो म्हणाला.

चारच्या एसटीला त्याला सोडून घरी आले. तो फॉर्म मी कुठे जमा करू? त्या नावाचा मतदार यादीतच नाही. फाडायलाही हात धजत नाही. तो कपाटात सहा नंबरच्या फॉर्मवर ठेवलाय. एकावर दादाची सही नाही. दुसऱ्यावर त्याच्या मुलाची आहे, आणि त्या मुलाला वाटतं की आत्याने बापाचं शेवटचं काम केलं.