बाबांचे सगळे रंग

अगं, ऐक तरी! आमचं जुनं घर पाडलं आणि दारं जुन्या सामानाच्या गोदामात गेली, असं कळल्यावर मी धावतच सुटले. नव्या घरातल्या माझ्या खोलीत पलंगाच्या उशाशी मला आमचंच दार उभं करायचं होतं. तिथे बघते तर चाळीस दारं, सगळी धुळीने माखलेली! पण बाबा बसगाड्या रंगवायचे ना, उरलेला रंग दरवर्षी आमच्याच दाराला. म्हणून मी चावीने एकेक दार खरवडत सुटले. गोदामवाले काका ओरडले, "पोरी, दारं विकायची आहेत मला, सोलायची नाहीत!"

सतराव्या दारावर निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा. आमचंच!

घरी दार बसवायला आलेल्या सुतारकाकांना म्हटलं, धूळ पुसून ठेवा, आणि मी चहा टाकायला गेले. परत येते तर अर्ध्या दाराचा रंग गायब! "आत अस्सल सागवान आहे, चकाचक करतो," म्हणे. तेवढ्यात बाबा आले. खाली बसून त्यांनी खरवडलेल्या कडेवर बोट ठेवलं.

"हा पिवळा शाळेच्या बसचा, तुझ्या जन्माच्या वर्षीचा. हा हिरवा बघून तुझी आई म्हणाली होती, घर आहे की बसथांबा?"

सुतारकाकांनी पटाशी खाली ठेवली. "आणि हा तळचा तांबडा?"

"तेव्हा आम्ही दोघंच होतो," बाबा हसले.

उरलेल्या अर्ध्या दाराला मी कुणाला हात लावू दिला नाही.