आंद्रामेनाला बांधलेलं फडकं

झाडाला नाव नसलं तर जंगल वाचत नाही, हे माझ्या भावाला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. तो म्हणायचा, नाव आहे की, आंद्रामेना. आमच्या बेटावर, आमच्या नदीकाठी लाल गाभ्याच्या प्रत्येक झाडाला आंद्रामेनाच म्हणतात, मग ते शिसवीच्या गोतातलं कुठलंही असो. त्याच्या दृष्टीने विषय संपला. मी म्हणायचे, अरे दादा, तुझ्या सगळ्या पोरांना मी नुसतं ‘पोर’ म्हटलं तर चालेल का? तर म्हणे, हाक मारल्यावर जेवायला आले म्हणजे झालं. अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं!

पण शेंगा धरणाऱ्या झाडांचं हे घराणं खरंच लबाड आहे. लाकूड सगळ्यांचं लाल. पानं सगळ्यांची बारीक पात्यांची, एका काडीला दोन्ही बाजूंनी लावलेली. शेंगा चपट्या, कागदासारख्या. कोण कुठलं ते कळतं फक्त फुलात, आणि फूल असतं तांदळाच्या दाण्याएवढं. ते पाण्यात भिजवायचं, भिंगाखाली सुईने सोडवायचं, वरची पाकळी कशी आहे ते बघायचं, आतले पुंकेसर एका जुडीत आहेत की दोन जुड्यांत ते बघायचं, तेव्हा कुठे त्याचं कुळ सांगता येतं. फूल नसेल तर ती फांदी राजधानीत, मी जिथे झाडं ओळखायचं काम करते तिथे, आमच्या वाळवलेल्या फांद्यांच्या कपाटात, ‘अनोळखी’ म्हणून पडून राहते. अशा अनोळख्यांनी आमचं एक अख्खं कपाट भरलंय.

आमच्या गावामागच्या डोंगराच्या धारेवर असंच एक झाड होतं. पानाच्या खालच्या बाजूला सोनेरी लव, शेंगेला हलकासा पीळ. असं झाड मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. त्याची भावंडं लाल लाकडाच्या चोरांनी होड्या भरभरून नेली, हे एकटंच राहिलं. ही नवीच जात आहे याची मला खात्री होती, पण माझ्या खात्रीला कोण विचारतो? ती धार राखीव जंगलात ठेवायची की लाकडाच्या ठेकेदाराला द्यायची, हे वर्षअखेरच्या सरकारी बैठकीत ठरणार होतं. बैठकीतले साहेब मला गोड हसून म्हणाले होते, बाई, जगात दुसरीकडे नसलेलं काही असेल तर आणा, आम्ही धार राखीव ठेवू. पण फुलासकट आणा, नावासकट आणा. चूक नव्हती त्यांची. मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं, फक्त हसले नसते.

आणि झाड भलतं लहरी. कित्येक वर्षं फुलायचंच नाही, आणि फुललं की आठवड्यात सगळं झडून मोकळं. एकदा मी धावत गेले तर शेंगा लागलेल्या. पुढच्या खेपेला तर नुसती पानं.

मध्यंतरी चोर पुन्हा आमच्या नदीत फिरायला लागले. तेव्हा बाबांनी शक्कल लढवली. आमच्या वरच्या गावांतली रीत अशी, की माणूस जिवंतपणीच आपल्या शवपेटीचं झाड निवडतो आणि त्याला पांढरं फडकं बांधतो. त्या झाडाच्या बुंध्यातूनच त्याची पेटी कोरायची. अशा झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. देवळातली घंटा पळवणारा चोरसुद्धा फडकं दिसलं की लांबून वळसा घालून जातो. बाबांनी एक जुनी चादर फाडली आणि माझ्या झाडाला बांधून टाकली. मग सिग्नलसाठी धारेवर चढून मला फोन केला. “माझं वय झालंच आहे,” म्हणाले, “कुणाला संशयसुद्धा येणार नाही.” आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, कारण आमच्या गावात तिसऱ्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पोचते.

फडक्याने काम केलं. चोर आले, चढले, फडकं बघून उतरले. मला बाबांचा इतका अभिमान वाटायचा की कार्यालयात सगळ्यांना मी ती गोष्ट रंगवून सांगायचे. राजधानीतल्या सगळ्यांना ठाऊक, गावात कुणालाच नाही.

मग ते व्हॅनिलाच्या लग्नाचे दिवस आले. आमच्याकडे व्हॅनिलाचं प्रत्येक फूल काडीने उघडून हातानेच फळवावं लागतं, त्याला आम्ही लग्न लावणं म्हणतो. बाबांचा फोन आला. “सोआ, कळ्या आल्यात. फांदी न् फांदी भरलीय. लग्नं उरकायच्या आत ये.” मी त्याच दिवशी निघाले. पाठीवर फांद्या दाबायच्या फळ्या, जुने कागद, फुलं बुडवून ठेवायला स्पिरिटची बाटली. पुढे पावसाने पूल वाहून गेला, फोन मेला, मी चिखलात अडकून बसले आणि सगळ्या जगाला शिव्या देत राहिले. शेवटी होडी मिळाली. होडीवाला आमच्याच गावचा, एरवी नुसती बडबड करणारा, पण त्या दिवशी वल्ही मारताना तोंड उघडेना. मला वाटलं, दाढ दुखत असेल. पाण्यावर मरणाची बातमी सांगायची नाही अशी आमच्याकडे रीत आहे. मी त्याच नदीवर लहानाची मोठी झाले, पण तेव्हा ती मला आठवली नाही.

अंगणात सगळं गाव होतं. बायका गात होत्या, उसाची दारू फिरत होती, कापलेल्या बैलाची शिंगं कुडाला टेकवून ठेवलेली. मधोमध पेटी होती, नुकत्या चिरलेल्या बीटासारखी लाल. खोटं कशाला बोलू, मी आधी लाकूड ओळखलं. आत कोण आहे ते मागाहून कळलं. आणि कळलं तेव्हाही पहिल्यांदा मला रडू आलं नाही, राग आला.

मारोव्हावी वहिनीने मला मिठी मारून सगळं सांगितलं. बाबांना ताप चढला, आणि सकाळी उठलेच नाहीत. दादा मात्र छाती काढून उभा होता. बोटोवेलो दादा तसा कठोर नाही, पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आणि अभिमान दोन्ही होते. म्हणाला, बाबांनी स्वतः निवडलेलं झाड, कुऱ्हाडींना दाद देईना, अख्खा गाव लागला बघ. आपल्या नदीवर अशी पेटी कुणाच्या बापाला मिळाली नसेल.

मी विचारलं, “फुलं?”

त्याला वाटलं मला वेड लागलं. वहिनीला मात्र कळलं, किंवा तिला तसं वाटलं. माझा हात थोपटून म्हणाली, “पांढरं शुभ्र फुललं होतं गं, काय वास! तुझ्यासाठी थांबायचं होतं ना, आणि उकाडा हा असा. मग पोरींनी सगळ्या फांद्या ओरबाडल्या आणि त्यांच्या अंगावर घातली फुलं. पेटी काठोकाठ भरली. एक कळीसुद्धा वाया घालवली नाही.”

झाकणाच्या फटीत राळ आणि मेण भरलेलं होतं.

मी धारेवर पळाले. झाड आडवं पडलं होतं, पानं मरगळलेली, काड्या सोललेल्या. जमिनीवर पडलेली फुलं पावसाने आणि माणसांच्या पायांनी चिखलात गेली होती. मी गुडघ्यांवर बसून उन्हं कलेपर्यंत चिखल चिवडला. हाताला तपकिरी लगदा लागला, आणि एक फाटका देठ, ज्याला पाकळी नव्हती. फडकं तिथेच खुंटाशेजारी पडलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

खाली येऊन मी म्हटलं, पेटी उघडा. मूठभर फुलं काढते आणि पुन्हा बंद करा.  बंद केलेली पेटी उघडणं आमच्याकडे फादी, म्हणजे जे करायचंच नसतं ते. दादा दबक्या आवाजात म्हणाला, “सोआ, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” मग मी सगळं ओकले. ते फडकं खोटं होतं, चोरांसाठी होतं, बाबा हसत होते, मीही हसत होते, तुम्ही माझं झाड मारलंत आणि धारेचं जंगलही त्यासोबत मारलंत. भावाला त्याच्या बापाच्या पेटीसमोर मी हे सगळं ऐकवलं. त्याचा चेहरा उतरत गेला, पण माझं तोंड थांबेना.

आमच्या कुळाचे लाल काठीवाले आजोबा, जे आमच्या वतीने पूर्वजांशी बोलतात, ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, “फडकं बांधलं की बांधलं, पोरी. तुम्ही हसत होता हे झाडाला काय माहीत?” मग म्हणाले, “तुझ्या बापालाच विचार. तो हो म्हणाला तर मी स्वतः उघडतो.”

मेलेल्याला विचारणं आमच्यात नवं नाही. जमिनीवर दारू ओतायची, नाव घेऊन विचारायचं आणि खूण बघायची. कोंबडा आरवतो, गुरं हंबरतात, वारा सुटतो, काहीतरी होतंच. मी दारू ओतली. बाबांना हाक मारली, म्हटलं, मी आलेय, तुम्हीच बोलावलंत, फक्त मूठभर द्या. सगळे माझ्यासोबत थांबले. दादासुद्धा कान देऊन उभा होता, मी बघितलं ना, त्यालाही खूण हवी होती. पान हललं नाही. मी पुन्हा विचारलं, मग रागावले, लहानपणी भांडायचे तशी त्यांच्याशी भांडले. गोठ्यातल्या गुरांनी रवंथसुद्धा थांबवलं नाही.

आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माणसांना पेटी उचलायला सांगितलं. ती इतकी जड होती की उचलणारे वाटेत पुन्हा पुन्हा बदलावे लागले. मी मागून चालत होते आणि माझ्या पाठीवर अजून त्या फळ्या होत्या, कारण उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

राजधानीत मी पानं आणि सोललेल्या काड्या कागदावर शिवल्या आणि ‘अनोळखी’च्या कपाटात ठेवल्या. बैठक चहा थंड व्हायच्या आत संपली. साहेब म्हणाले, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, पुढच्या वर्षी फूल घेऊन या. धार ठेकेदाराला गेली.

परवा दादाचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिलाच. आधी नुसता खोकत राहिला, मग म्हणाला, खुंटाला धुमारे फुटलेत, गुडघ्याएवढे झालेत. “मी त्यातल्या एकाला पांढरं फडकं बांधलंय.”

“कुणाच्या नावाचं?” मी विचारलं.

“तुझ्या. आता कोण हात लावतंय बघू. तू फक्त मरायची घाई करू नकोस म्हणजे झालं.”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. ठेकेदाराची माणसं बेटाच्या दुसऱ्या टोकाची, त्यांच्या लेखी फडकं म्हणजे घाम पुसायचं फडकं, हे मी त्याला सांगितलं नाही. ते धुमारे फुलायला लागेपर्यंत मी नसेन, हेही नाही. पान उलटं करून बघ म्हटलं, खाली सोनेरी लव आहे का. तो तिथेच धारेवर उभा होता. वाकल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, आहे.

मी म्हटलं, मग तेच आहे.