पत्र्याचं न्हाणीघर

आमच्या मंठा गावातल्या घराचं न्हाणीघर पत्र्याचं आहे आणि ते नेमकं मशिदीला जाणाऱ्या गल्लीला टेकलंय. आत तांब्याभर पाणी सांडलं तरी बाहेर ढोल वाजतो.

नवराबायको रात्री जवळ आले की गुस्ल करावंच लागतं. चूळ भरायची, नाकात पाणी घ्यायचं, मग डोक्यापासून नखापर्यंत एक केसही कोरडा ठेवायचा नाही. त्याशिवाय पहाटेची नमाज होत नाही. नियम साफ आहे, अडचण पत्र्याची आहे. कडाक्याच्या थंडीत अंधारात न्हाणीघर वाजलं की नमाजाला निघालेली माणसं समजायचं ते समजतात.

माझी नवी सून तरन्नुम, वाटूरची, भारी लाजाळू. लग्नाला महिना झाला नाही तोच तिनं पहाटेची आंघोळ सोडली. ऊन वर आल्यावर गुपचूप न्हायची आणि नमाज चुकली म्हणून भाकरी थापता थापता रडायची. शेवटी म्हणाली, मला माहेरी पाठवा. माझा मुलगा तौसीफ नुसता नखं खात उभा. याची रात्रीची हुशारी दिवसा कुठं जाते कोण जाणे.

मी नवऱ्याच्या कानावर घातलं. लतीफमिया गाद्या भरतात. हिवाळ्यात शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाला काय पाणी लागेल तेवढंच त्यांच्या अंगाला. ऐकून घेतलं आणि हातातली गादी टाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात असा धबधबा सुरू झाला की मी दचकून उठले. म्हातारा गार पाण्यानं न्हात होता, वर घसा खाकरत होता. ते बाहेर आले, मागोमाग तरन्नुम आत गेली. बाहेरच्याला वाटावं, एकच माणूस न्हातोय. मग हे रोजचंच झालं.

पण गल्ली काय बहिरी आहे? मशिदीत लोक त्यांची पाठ थोपटायला लागले. गिरणीत शेजारच्या सुगंधाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, या वयात रोज म्हणजे तब्येत सांभाळा, भाभी. दळण तिथंच टाकून मी घरी आले आणि नवऱ्यावर तुटून पडले.

"सुनेची लाज झाकून राह्यले, अन् माझी येशीवर टांगून राह्यले."

"तिची नवी हाय," ते दोरा ओवत म्हणाले. "आपली जुनी. जुनी जरा उसवली तर काय बिघडतंय?"

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मग एक दिवस त्यांना ताप भरला. पहाटे अजान झाली, न्हाणीघर गप्प. तरन्नुम टॉवेल छातीशी धरून दारात उभी होती. गल्लीत चपला वाजायला लागल्या, तशी ती खोलीकडं वळली. मला म्हाताऱ्याचा, पोरीचा, पत्र्याचा, सगळ्यांचाच राग आला. तिला थांब म्हटलं, आत शिरले आणि गार पाण्याची अख्खी बादली डोक्यावर उलटी केली. मग चांगली मोठ्यानं खोकले, म्हणजे आत कोण न्हातंय याबद्दल गल्लीत कुणाला शंका नको.