राजूर घाटाच्या अलीकडे

संजीवनीच्या भावाचा, माणिकरावाचा फोन आला तेव्हा दसऱ्याच्या पुरणपोळीचा पहिला घास राजकुमारच्या तोंडातच होता. "माय तुहंच नाव घेऊन राह्यली, संजू. धाप लागली तिले. लवकर ये वं!" एवढं बोलून भावानं फोन ठेवला. संजीवनीनं ताट सरकवलं आणि पिशवी उचलली.

तिचं माहेर घाटाखाली, मोताळ्याकडं. नवरा-बायकोचं घर मळ्यात, एकटंच. एसटी निघून गेलेली, सणाच्या दिवशी जीपवाले आपापल्या घरी. उरली मोटरसायकल. तिला राजकुमारनं कालच पुढच्या ब्रेकचे नवे पॅड घरीच टाकले होते. मिस्तरी कशाला, आपले हात काय मोडले? घ्या आता! अंगणातून उतारावर लागताच त्यानं ब्रेक दाबला, तर गाडी ऐकेचना. मागच्या ब्रेकवर कशीबशी कुंपणाला टेकून थांबली.

"काय झालं हो?"

"काही नाही. उतर जरा."

गाडी ढकलत अंगणात आणली. नवे पॅड टाकले की लिव्हर आधी पोकळ लागते, चार-दोनदा दाबली की भरते, हे त्याला ठाऊक होतं. दाबून पाहिली, तर टणक! ब्रेक ऑइल भरलेलं, बोल्ट घट्ट. पॅड उलटे बसले म्हणावं तर सुलटेच. तरी ढकललं की चाक आपलं फिरतंय. अशा गाडीवर दोघांनी राजूर घाट उतरायचा म्हणजे सासूच्या आधी आपलीच तिरडी. घाईत पाना दोनदा खाली पडला.

"अहो, होते का नाही? माय थांबन का माह्यासाठी?"

"करूनच राह्यलो ना!" तो खेकसला आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

पॅड पुन्हा बाहेर काढले. बोटं बुळबुळीत झाली. त्यानं वास घेतला. तिळाचं तेल! पॅड धरतात त्या चाकाच्या डिस्कवर फडकं फिरवलं, ते पिवळंधमक निघालं. तेलावरून पॅड घसरणारच.

राजकुमारला आता आठवलं. सकाळी अंगणात नांगर, कुऱ्हाड, विळे मांडले होते. लोखंडाच्या पूजेला तेलात कालवलेली हळद लावायची, ही घरची रीत. त्यांच्यामागून गाडीची पाळी. तो नारळ सोलत होता, तिकडं बघितलंही नाही. पण संजीवनीचं बोलणं कानावर पडलं होतं. "नवा ब्रेक हाये, माह्या धन्याले सांभाळजो रे देवा." तिनं डिस्कला दोन्ही अंगांनी हात भरून तेल-हळद लावली होती.

त्यानं पेट्रोलनं डिस्क धुतली, पॅड पायरीच्या दगडावर घासले, पुन्हा बसवले. लिव्हर दाबली. चाक जागच्या जागी थांबलं.

"झालं! चाल, बस लवकर!"

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिनं कानाला लावला आणि तिथंच मातीत बसून हंबरडा फोडला.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "एवढं काय बिघडलं होतं हो त्या ब्रेकात?"

पिवळं फडकं त्यानं मुठीत गोळा करून खिशात कोंबलं.

"म्याच पॅड चुकीचे बसवले."

"तरी म्हणत होती, मिस्तरीकडं न्या. तुमच्यापायी माह्या मायचं तोंड दिसलं नाही मले."

"हाव," तो म्हणाला आणि किक मारली.

ती मागं बसली, पण रोजच्यासारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. घाटाच्या पहिल्या वळणावर ब्रेक चांगला लागला.