बिनचामड्याचं पाणी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उद्यावर आली आणि दाऊद मिस्त्रीचा पंप अजून पाणी ओढत नव्हता.

नवापुरात रंगावलीच्या काठी त्याने बांधलेलं पंपघर गावातलं पहिलंच; तिथून चौकातल्या नळाला पाणी चढवायचं होतं. पंचांनी काम सांगितलं तेव्हा तो कितीतरी दिवस नुसता काठाने फिरत राहिला होता. ही नदी पावसाळ्यात काठावरच्या बाभळी गिळते आणि वैशाखात वाळूखाली दडून बसते. इंजीन खाली ठेवलं तर पुरात बुडणार. पंप वर ठेवला तर उन्हाळ्यात त्याचा श्वास पाण्यापर्यंत पोहोचणार नाही. पंप भिजला तर पुसून चालतो, इंजीन भिजलं की मेलं. म्हणून त्याने इंजीन उंच जोत्यावर बसवलं, पंप काठावर खणलेल्या विहिरीच्या पोटात दगडी ओटा काढून त्यावर ठेवला, आणि दोघांना जोडणारा पट्टा भिंतीच्या फटीतून तिरपा खाली सोडला. असं पंपघर त्याने कुठे पाहिलेलं नव्हतं. नदी जशी होती तसं त्याने ते बेतलं होतं.

सगळं जमलं, आणि अडलं एका झडपेपाशी.

पंपापासून खाली पाण्यात नळ जातो, त्याच्या तोंडाशी ही झडप असते. इंजीन बंद असताना ती मिटते आणि नळातलं पाणी धरून ठेवते. ते पाणी निसटलं की नळात हवा शिरते. मग इंजीन कितीही धडधडो, पंप कोरडाच फिरतो. ही झडप सगळे चामड्याची करतात. दाऊदने ती पितळेची केली होती, कारण त्याने फुलीबाईला शब्द दिला होता.

फुलीबाई वरच्या आळीतली विधवा. पहाटे नदीवर स्नान, मग तुळस, मग सूर्यदर्शन. तोवर तोंडात पाण्याचा घोट नाही. अंगात ताप असला तरी तिचा नेम चुकत नसे. गेल्या वैशाखात बायका नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत होत्या आणि वरच्या अंगाला धुणी चालली होती. पटकी आली. फुलीबाईचा थोरला लेक त्यात गेला.

इंजीन बसवत होते तेव्हा ती आली आणि जरा लांब उभी राहिली.

"दाऊद, तुन्हा मशीनमा चामडं शे का?"

"नही, माय."

"तो पट्टा कसाना शे?"

"उंटना केसना. आनी तो पानीले लागत नही."

"उंट चाली," ती थोडा विचार करून म्हणाली. "आळीन्या बाया मन्हाकडे देखतस. मी पिधं तर त्या पितीन. औंदा आखाजीले मन्हा पोऱ्यानी घागर तुन्हाच नळवर भरसू. पन चामडं नको."

"नही ऱ्हावाव, माय. मन्हा शब्द शे."

गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. त्या पाण्याने त्याची तहान भागते. दाऊद मुसलमान होता, पण अशा पाण्याची किंमत त्याला कुणी समजावून सांगायला नको होती.

भट्टीवर पितळेची झडप बादलीत धरून पाहिली तेव्हा थेंब गळाला नव्हता. विहिरीत मात्र नदीची वाळू होती. एक कण झडपेखाली अडकला की पितळ तिथे उचललेलं राही. चामडं कणाभोवती दबतं, पितळ दबत नाही. त्याने जाळी लावली, झडप पुन्हा घासली, पुन्हा बसवली. आज सकाळी इंजीन सुरू केलं तर पंप कोरडाच घरघरला.

त्याचा मेव्हणा निजाम चामड्याचा गोल तुकडा कापून समोर आला. "दुल्हाभाई, हाई बसाडी द्या. विहिरना तळले फुलीमाय काय डुबकी मारनार शे?"

पंचांपैकी करणसिंग तिथेच उभा होता. तो हसला नाही. "मिस्त्री, उद्या पानी नही उनं तर बाया परत झिरावर जातीन. मंग पटकी उनी तर ते कोनना डोकावर?"

दाऊदने तुकडा घेतला आणि शिडीने खाली उतरला. हातांनी सवयीने पितळ काढलं आणि चामडं बसवलं. दुपारी चौकातल्या नळाला पाणी आलं. लोकांनी नारळ फोडला. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली तर तो दचकला.

घरी त्याच्यापुढे भाकरी तशीच राहिली. त्याच्या बायकोने, हाजराबीने, सगळं ऐकून घेतलं होतं.

"सांगशात तर ती पिनार नही," ती म्हणाली. "नही सांगशात तर तुम्ही जेवनार नहीत."

आखाजीच्या सकाळी नळाशी रांग लागली. माहेरी आलेल्या लेकी हसतखिदळत होत्या. दाऊद मनात घोकत होता, तिने विचारलं तर काय बोलायचं. फुलीबाई आली. तिच्या डोक्यावर नवी घागर, मागे सून हंडा घेऊन. बायकांनी वाट दिली.

तिने काहीच विचारलं नाही. घागर नळाखाली ठेवली, हात जोडले आणि तोटीकडे हात नेला. दाऊदला वाटलं, तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"माय, थांब," तो म्हणाला. "खाले चामडं शे."

रांगेतलं हसणं थांबलं. करणसिंगने कपाळाला हात लावला.

"तू शब्द देयल व्हता," फुलीबाई म्हणाली.

"देयल व्हता. पितळ टिकनं नही. काल मीच चामडं बसाडं."

"कालदिन सांगतास तर मी नवी घागर आठे आनती का?" तिचा आवाज चढला नव्हता. दाऊदला तो चढायला हवा होता. एका बाईने हळूच आपली कळशी मागे ओढली, मग दुसरीने. झिऱ्यांकडे जाणारी पायवाट चौकातूनच खाली उतरत होती आणि दाऊदला आता तेवढीच दिसत होती.

फुलीबाईने घागर उचलून कडेवर घेतली. वळताना ती क्षणभर त्या मागे सरलेल्या कळश्यांकडे पाहत राहिली. मग तिने सुनेच्या हातातून हंडा घेतला, नळाखाली ठेवला आणि स्वतः तोटी सोडली.

"लेकरंस्ले हाईच पानी," ती सुनेला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "झिरानं पानी घरमा आनानं नही."

"आनी तू, माय?" दाऊदने विचारलं.

"मन्हा पोऱ्यानी घागर नदीनी. आनी मन्हा नेम मन्हाजोडे."

हंडा भरला. मागे सरलेली कळशी पुढे आली. फुलीबाई एकटीच पायवाटेने खाली निघाली.

दाऊदने इंजीन निजामच्या हवाली केलं, फावडं उचललं आणि तिच्यामागे धावला. तिला मागे टाकून तो वरच्या अंगाला गेला, पार धुणघाटाच्या पुढे, जिथे वाळूवर फक्त पाखरांच्या पायांच्या खुणा होत्या. तिथे तो खणायला लागला. वाळू ओली लागली, काळी झाली. पाणी झिरपायच्या आत तो बाहेर आला आणि लांब जाऊन उभा राहिला, म्हणजे त्याच्या हाताचा विटाळ त्या पाण्याला लागू नये.

फुलीबाई खाली बसली. उरलेली वाळू तिने आपल्या हाताने काढली. पाणी आलं ते गढूळ. तिने ओंजळीने उपसून टाकलं. परत आलं तेही गढूळ.

"आखो काढ, माय," तो लांबूनच म्हणाला. "घाई करू नको."

ती उपसत राहिली. पाणी निवळून तळ दिसतोय का, हे त्याला तिथून कळत नव्हतं, आणि जवळ जाता येत नव्हतं.